तक्रारदार हजर, तपासनीस हजर

नमुनेसाहेबांच्या काळ्याभोर गाडीला ज्या सकाळी देवी आल्या, त्या सकाळी साहेब अर्धी दाढी तशीच ठेवून जिना उतरले. गाडी घेऊन उणेपुरे तीन महिने झाले होते. बॉनेटवर, टपावर, डिकीवर, जिथे म्हणून थेंब थांबू शकतो तिथे तिथे पांढरे गोल उठले होते. साहेबांनी बोट फिरवलं, अंगठा दाबला, शेवटी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून थुंकी लावून रुमालानं घासलं. डाग ढिम्म हलले नाहीत.

"रात्री पाऊस झाला," वरून आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर गॅलरीत उभे होते. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण उंचावर उभं राहून खालच्या आवारावर नजर ठेवायची सवय काही सुटली नव्हती. थुंकीही त्यांनी पाहिली असणार.

नमुनेसाहेब पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते. शहरातल्या नळांचे नमुने बाटल्यांत भरून आणायचे, तपासायचे, आणि नोंदवहीत ‘पिण्यास योग्य’ असं लिहून खाली सही ठोकायची, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं एक दिवसही न चुकता केलं होतं. त्यावरून त्यांना नमुनेसाहेब हे नाव पडलं. ऑफिसात ते आदरानं घेतलं जाई. सोसायटीत कशानं घेतलं जाई, ते साहेबांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

गाडीच्या बाबतीत त्यांची शिस्त कडक होती. रोज दुपारी एक वाजता जेवायला घरी आले की आधी नळाला पाइप लावून गाडीला आंघोळ, मग स्वतःचं जेवण. गाडी पुसायची मात्र नाही. फडक्यानं ओरखडे पडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. ती भर उन्हात, निसर्गनियमानं, आपली आपण सुकली पाहिजे. "गाडी म्हणजे काय ताटवाटी आहे पुसायला?" असं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बायकोला विचारत. बायको म्हणे, "तुमच्या ताटवाट्या तरी कोण पुसतं हो?" आणि विषय तिथेच संपे.

आता आपल्याकडे माणूस आजारी पडला तर निदान डॉक्टरला तरी विचारतात. गाडी आजारी पडली की तीही गरज उरत नाही. दुपारपर्यंत गाडीभोवती सल्लागारांचं कोंडाळं जमलं. समोरच्या इमारतीतले विमावाले म्हणाले, "टूथपेस्ट! माझ्या मेहुण्याच्या गाडीचे डाग टूथपेस्टनं गेले." साहेबांनी दोन मोठ्या ट्यूब संपवल्या. पेस्ट दाराच्या फटींत, आरशाच्या खाचांत आणि नंबरप्लेटच्या आकड्यांत जाऊन वाळून बसली. डाग होते तिथेच होते, फक्त आता गाडी जवळून गेली की पुदिन्याचा वास यायचा. संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या लेकीनं विचारलं, "बाबा, चूळ कधी भरणार ही?"

हेडमास्तरांनी व्हिनेगर सुचवलं, आणि चमत्कार असा की व्हिनेगरनं डाग खरोखरच विरघळले. साहेबांना भरून आलं. त्याच आनंदात त्यांनी गाडीवर आणखी अर्धा तास पाइप सोडला आणि ती उन्हात उभी करून ऑफिसात गेले. संध्याकाळी येऊन पाहतात तो डाग हजर, वर सोबत दोन-चार नवे पाहुणेही. आकाशात दिवसभर ढगाचं पिल्लूही नव्हतं. पण शास्त्रात अपवाद असतात, असं साहेब मनाशी म्हणाले.

मग मात्र त्यांचा तोल सुटला. रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातून भांड्यांची तारेची घासणी पळवली आणि बॉनेटवर एका जागी जीव ओतून घासलं. दहा मिनिटांनी तिथला डाग गेला. डागाबरोबर चमकही गेली. परातीएवढा एक भुरकट गोल तिथे उमटला आणि त्यात साहेबांचा चेहरा धुक्यातून आल्यासारखा दिसू लागला. बायको शोधत खाली आली. तिनं एकदा बॉनेटकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि म्हणाली, "माझी घासणी द्या इकडे. वाट लावलीत तिची."

अखेर गॅरेजमधला पेंटर आला. हा माणूस शब्दाला महाग. त्यानं बॉनेटवरून नख ओढलं, एका जागी थांबला, पुन्हा ओढलं. "बरेचसे वरचे आहेत, निघतील. पण इथं नख अडतंय बघा. इथं रंग खाल्लाय."

"खाल्लाय? कशानं?"

"पाण्यानं, उन्हानं, ॲसिडनं. कशानं का असेना. मी रंग लावतो साहेब, पोस्टमॉर्टेम करत नाही."

माणसाला तीन कारणं सांगितली की ज्यात दोष दुसऱ्याचा असतो तेच नेमकं त्याच्या कानात शिरतं. साहेबांना ‘ॲसिड’ ऐकू आलं. त्यांनी मान वर केली. कुंपणापलीकडे लॉन्ड्रीचं धुराडं शांतपणे धूर सोडत होतं.

ही लॉन्ड्री एक नवराबायको चालवत. शहरातल्या इस्पितळाच्या चादरी, आणि उरलेल्या वेळात सोसायटीचे कपडे. साहेबांचे शर्टही तिथेच जात. साहेब तडक तिथे गेले आणि आडून आडून धुराबद्दल विचारू लागले. लॉन्ड्रीवाल्यानं हातातली इस्त्री उभी करून ठेवली. "डाग पाण्याचे असतील साहेब. इथलं पाणी फार जड. माझ्या बॉयलरच्या नळ्यांत दर दोन महिन्यांनी पांढरा थर बसतो. छिन्नी घेऊन खरवडावा लागतो."

तो बिचारा खरं ते बोलला, आणि तेच त्याला भोवलं. तो धुराबद्दल काहीही बोलला असता तरी साहेबांनी ऐकून घेतलं असतं. पण पाणी? सव्वीस वर्षं ज्यांच्या सहीनं शहर तहान भागवत होतं, त्यांना चादरी धुणारा माणूस पाणी शिकवणार! "पाण्याचं माझ्यावर सोडा," साहेब म्हणाले आणि शर्ट न घेताच परतले.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा झाली. साहेबांनी उभं राहून, घसा खाकरून, आपल्यावर आम्लाचा पाऊस पडत असल्याचं जाहीर केलं. पाण्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? उलट लोकांना फार बरं वाटलं. ज्याच्या त्याच्या घरातलं एकेक न सुटलेलं कोडं पटापट सुटलं. हेडमास्तरांचे केस त्या पावसानंच गेले होते. विमावाल्यांची स्कूटर सुरू होत नव्हती ती त्यामुळेच. कोणाच्या कुंडीतला गुलाब, कोणाच्या गुडघ्यातली कळ, कोणाच्या मुलाचे गणितातले मार्क, सगळं आभाळातून आलं होतं. एकेचाळीस सह्यांचा अर्ज तयार झाला: धुराडं बंद करा. पहिली सही साहेबांची, हुद्द्यासकट.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, या भरवशावर साहेब निवांत होते. पण प्रदूषणाच्या कार्यालयानं या वेळी दगा दिला. चौथ्या दिवशीच लॉन्ड्रीच्या दाराला कागद चिकटला: तपासणीचा अहवाल येईपर्यंत बॉयलर बंद ठेवावा. दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसला निघाले तेव्हा कुंपणापलीकडे लॉन्ड्रीवाल्याची बायको गुडघ्यावर बसून इस्पितळाच्या चादरी हातानं धूत होती. शेजारी आणखी ढीग होता, तो तिच्या खांद्याएवढा. इस्पितळानं सांगितलं होतं, महिनाअखेर वेळेवर चादरी आल्या नाहीत तर काम दुसरीकडे जाईल. आणि इस्पितळ गेलं तर सोसायटीच्या शर्टांवर लॉन्ड्री चालणार नव्हती.

साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. धुराडं बंद व्हावं एवढंच त्यांना वाटत होतं. धुराड्याखाली माणसं असतात, हे अर्ज लिहिताना कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी ऑफिसला जायची वाट बदलली. तरी लॉन्ड्रीवाला गाठायचाच. "साहेब, अहवाल कधी येतो हो?" साहेब म्हणायचे, "येईल, येईल. योग्य त्या ठिकाणी गेला आहे."

योग्य ते ठिकाण कोणतं, ते त्यांना पुढच्या सोमवारी कळलं. अर्ज प्रदूषणवाल्यांकडून आरोग्याकडे गेला होता, आरोग्यानं ‘पाऊस म्हणजे पाणीच’ असा शेरा मारून पाणीपुरवठ्याकडे ढकलला होता, आणि पाणीपुरवठ्यातून तो पाच शिक्के मिरवत नमुनेसाहेबांच्याच टेबलावर येऊन बसला होता. वर मोठ्या साहेबांच्या हातचं होतं: चौकशी करून अहवाल द्यावा.

नमुनेसाहेब धावत मोठ्या साहेबांकडे गेले. "सर, या अर्जातला तक्रारदार मीच आहे."

"मग बरंच झालं. प्रकरणाची माहिती आहे तुम्हाला."

"पण तपासनीसही मीच कसा?"

"दुसरी जागा सहा वर्षं रिकामी आहे. कोणाला पाठवू, खुर्चीला? नियमाप्रमाणे तक्रारदाराला आधी नोटीस द्या, हजर राहायला सांगा."

"सर, मीच मला?"

"का नाही? उद्या तुम्हीच म्हणाल, मला कळवलं नाही."

तेव्हा नमुनेसाहेबांनी नमुनेसाहेबांना पत्र लिहिलं. ‘आपण दिनांक अमुक रोजी सकाळी अकरा वाजता वाहनासह हजर राहावे, न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.’ शिपायानं ते टेबलावरून उचललं, जावक विभागात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी आवक विभागातून आणून त्याच टेबलावर ठेवलं.

"सही करा."

"अरे बाबा, पत्र माझंच आहे."

"पाठवणाऱ्याची सही झाली. घेणाऱ्याची राहिली," शिपाई म्हणाला. साहेबांनी घेणाऱ्याची सही केली. नोटिशीची भाषा जरा उद्धट आहे असं त्यांना वाटून गेलं.

ठरल्या दिवशी अकरा वाजता तपासनीस पिशवी घेऊन सोसायटीत आला. तक्रारदार आधीपासूनच आलेला होता. छापील फॉर्म गळक्या टाक्यांच्या तक्रारींसाठी काढलेला होता; साहेबांनी ‘टाकी’ खोडून जागोजागी ‘वाहन’ केलं. ‘तक्रारदार हजर होता काय?’ होय. मग बॉनेटवर फॉर्म ठेवून ते पुटपुटत एकेक प्रश्न विचारू लागले आणि पुटपुटत उत्तरं देऊ लागले. गॅलरीतून हेडमास्तरांनी बायकोला हाक मारली.

"वाहन किती वेळा धुता?"

"रोज."

"कोणत्या वेळी?"

"दुपारी एकला."

"सावलीत की उन्हात?"

"उन्हात."

"नंतर पुसता काय?"

इथे तक्रारदार जरा घुटमळला. "नाही."

"का नाही?"

त्याचं उत्तर साहेबांनी आजवर पन्नास जणांना ठणकावून सांगितलं होतं, पण फॉर्मवर लिहायला गेले तर ते फार पोरकट दिसू लागलं. त्यांनी रकाना रिकामा ठेवला आणि पुढे गेले. पुढचा प्रश्न होता, ‘वापरलेले पाणी कोठले?’ आणि पेन तिथेच थांबलं. वापरलेलं पाणी नळाचं होतं. त्या नळाच्या पाण्यात क्षार किती, हे या शहरात एकाच माणसाला आकड्यांत पाठ होतं.

सव्वीस वर्षांत त्यांनी खोटारडे तक्रारदार पुष्कळ पाहिले होते, भांडकुदळ पाहिले होते. हा त्यातला नव्हता. हा नुसताच मूर्ख होता, आणि मूर्खपणासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

तरी साहेबांनी आशा सोडली नाही. गच्चीवर तीन पावसांत तीन भांडी मांडून सोसायटीनं जे पाणी जमवलं होतं, ते त्यांनी प्रयोगशाळेत आणून तपासलं. निळा लिटमस कागद बुडवला, निळाच राहिला. मीटर लावला, कुठेही पडणाऱ्या चांगल्या पावसाचा असावा तसा आकडा आला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मग त्यांनी बॉनेटवरून खरवडून आणलेली पांढरी भुकटी काचेवर ठेवली आणि तिच्यावर ॲसिडचा एक थेंब सोडला. भुकटी फसफसून उठली. चुना. चहाच्या किटलीच्या बुडाशी बसतो तोच.

नोंदवही उघडायची गरज नव्हती, तरी त्यांनी उघडली. पान पान ‘पिण्यास योग्य’, पान पान त्यांची सही. ते खोटं नव्हतं. पाणी पिण्यास योग्यच होतं. ते रोज भर उन्हात गाडीवर ओतून आटवण्यास योग्य आहे, असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं. थेंब आटायचा, चुना उरायचा, ऊन त्याला भाजून रंगात बसवायचं. तीन महिने थरावर थर चढत होता, साहेबांची नजर तेवढी पावसानंतरच्या त्या सकाळी गेली होती. आणि डाग दिसला की साहेब आणखी पाणी ओतायचे.

त्यांच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. एकेचाळीस सह्या. भरसभेत खाकरलेला घसा.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं सल्ला दिला. "लिहा, ‘निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.’ या एका वाक्यावर मी दोन बढत्या घेतल्या आहेत. तुमचंही हसं नको, कोणाला त्रासही नको."

"पण मग बॉयलर?"

"निश्चित निष्कर्ष निघेपर्यंत बंद राहील. तो आपला विभाग नाही."

महिना संपायला चार दिवस होते.

घरी येऊन साहेब न जेवता बसले. बायकोनं सगळं काढून घेतलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला तपासणीला बाटली लागत नसे. ती म्हणाली, "तुमची सही बघून लोक पाणी पितात ना?"

"बघत कोणी नाही. नुसतेच पितात."

"तेच म्हणते मी. न बघता पितात." आणि पान वाढता वाढता म्हणाली, "त्या बाईचे हात बघितलेत का तुम्ही? नसतील बघितले. तुम्ही पलीकडच्या रस्त्यानं जाता ना आता."

साहेबांनी जेवणाच्या टेबलावरच अहवाल लिहिला. सोसायटीच्या सभेत तो त्यांनी स्वतः वाचून दाखवला, कारण दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती. ‘पाऊस निर्दोष आहे. बॉयलरच्या धुराचा संबंध आढळला नाही. सदर डाग तक्रारदाराने नळाचे पाणी रोज उन्हात गाडीवर सुकू दिल्यामुळे पडले आहेत. बॉनेटवरील घासल्याची खूणही तक्रारदाराचीच आहे. तक्रार चुकीची होती. बंदी तत्काळ उठवावी.’

मग हेडमास्तर उठले. "म्हणजे माझे केस कशानं गेले?"

"वयानं," साहेब म्हणाले.

त्यावर जो गदारोळ उठला त्याला तोड नव्हती. लोकांना आम्लाच्या पावसाचा लळा लागला होता. तो असा काढून घेतलेला त्यांना खपेना. विमावाले म्हणाले, साहेबांनी लॉन्ड्रीवाल्याशी संगनमत केलंय, बहुधा इस्त्री फुकट होत असणार. एकानं दुसऱ्या प्रयोगशाळेची मागणी केली. खुर्च्या आवरताना कोणीतरी मागून म्हणालं, "आहेच मुळी नमुना." या वेळी ते कशानं म्हटलं हे तपासायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल हातोहात प्रदूषणाच्या कार्यालयात नेला, आणि बंदी उठल्याचा कागद हाती पडला तसे तो टपालात न टाकता स्वतः लॉन्ड्रीत घेऊन गेले. लॉन्ड्रीवाल्यानं तो दोनदा वाचला. "म्हणजे, पेटवू?"

"पेटवा," साहेब म्हणाले. मग तयार करून आणलेली वाक्यं सगळी विसरून म्हणाले, "तुम्ही मला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतंत. मी रागावलो, कारण तुमचंच बरोबर असेल अशी भीती वाटली. चूक माझी आहे. फार मोठी आहे."

लॉन्ड्रीवाला अवघडून "जाऊ द्या साहेब" म्हणाला. त्याची बायको तसं म्हणाली नाही. तिनं ओले हात पदराला पुसले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. "महिना गेला आमचा, साहेब," ती म्हणाली आणि चादरी मोजायला आत गेली. साहेबांनी मान खाली घातली.

इस्पितळाच्या चादरी शेवटच्या दिवशी संध्याकाळी, गरमागरम घड्या घालून, वेळेवर पोचल्या. त्यानंतरच्या रविवारी लॉन्ड्रीवाला दोन डबे घेऊन सोसायटीत आला. बॉयलरची वाफ थंड होऊन जे पाणी परत मिळतं, ते त्यात होतं. "यात क्षाराचा कण नसतो. सावलीत धुवा, आणि लगेच पुसा," तो म्हणाला, आणि साहेबांनी विद्यार्थ्यासारखं ऐकलं. त्याआधी पेंटरनं मशीन फिरवून बॉनेट बरंच पूर्ववत केलं होतं. रंग खाल्लेले सतरा डाग मात्र राहिले. गॅलरीत हेडमास्तर उभे होते. त्यांचा पावसावर अजूनही संशय होता आणि ते टोपी घालूनच बाहेर येत.

महिन्याभरानं साहेब शर्ट आणायला लॉन्ड्रीत गेले. इस्त्रीच्या टेबलामागे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर, त्यांचा अहवाल काचेच्या चौकटीत टांगलेला होता. तपासनिसाची सही खाली होती, तक्रारदाराची तिच्याच शेजारी, आणि दोन्ही सह्या एकाच हाताच्या आहेत हे लहान मूलही सांगू शकलं असतं. दोन गिऱ्हाइकं मान वर करून वाचत होती, ‘तक्रार चुकीची होती’ पर्यंत आली होती. लॉन्ड्रीवाला गडबडला. "साहेब, पुन्हा कोणी धुराचं नाव काढलं तर असावं म्हणून लावलंय. नको असेल तर काढतो."

आतून त्याची बायको बाहेर येऊन उभी राहिली होती. ती साहेबांकडे पाहत राहिली.

साहेबांनी चौकटीकडे बघितलं. ती डावीकडे किंचित कलली होती. ते टेबलाला वळसा घालून गेले, टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी ती सरळ केली, दोन पावलं मागे येऊन खात्री करून घेतली, आणि शर्ट काखेत मारून कुंपणाकडच्या जुन्या वाटेनं घरी गेले.